पंच मारलेली पुस्तकं

दुकानातून पुस्तक गेलं की मालक खूश व्हायचे आणि वाचनालयात पुस्तक परत आलं की मी खूश व्हायचे. माझी सगळी नोकरी या दोन खुशींमध्ये गेली. आधी नांदेडला एका पुस्तकाच्या दुकानात काउंटरवर, मग लग्न होऊन लातूरला आल्यावर तिथल्या एका सार्वजनिक वाचनालयात, थेट निवृत्तीपर्यंत. अजूनही लग्नकार्यात कुणी ओळख करून देतं, "या शेख मॅडम, लायब्ररीवाल्या," आणि समोरचा हमखास म्हणतो, "मग काय, दिवसभर वाचायलाच मिळत असेल!" हलवाई दिवसभर पेढेच खातो का, असं विचारायचं तोंडावर येतं. पण लग्नघर असतं, मी नुसती हसते.

माझे अब्बा नांदेडात जिल्दसाज होते. सुटी झालेली पुस्तकं शिवायची, खळ लावायची, पुठ्ठा चढवायचा, हा त्यांचा धंदा. ज्या दुकानाची कामं ते करत, तिथंच मला उभं राहायची नोकरी मिळाली. आमच्या मोहल्ल्यातली मुलगी दुकानात उभी राहणार म्हणून घरात थोडी कुरकुर झाली, पण मालक आणि अब्बा जुने दोस्त, त्यामुळे ती फार टिकली नाही. मालकांनी सुरुवातीलाच बजावलं, "पोरी, गिऱ्हाइकाला काय पाहिजे ते विचारायचं. का पाहिजे ते विचारायचं न्हाई."

धंदा म्हणून ते बरोबरच होतं. माहूरचा एक व्यापारी यायचा, गडाच्या पायथ्याशी त्याचं दुकान. आरत्यांची पुस्तकं गठ्ठ्यानं न्यायचा. आतलं पान कधी उघडायचा नाही, मुखपृष्ठावरच्या देवीच्या साडीचा रंग तेवढा पारखून घ्यायचा. जून महिन्यात बाप लोक यायचे आणि पोराला मागं उभं करून गाइडं घ्यायचे. पोराची नजर दुसऱ्याच फळीवर असायची, पण विचारायचं कुणाला, तर पाकीट ज्याच्या खिशात त्याला. दुकानात पैसे देणारा गिऱ्हाईक असतो. वाचणारा त्याच्या मागं उभा असतो.

नायगावचे एक मास्तर मला विसरता येत नाहीत. नांदेडला काही कामानं आले की ते दुकानात डोकवायचे, कोपऱ्यातल्या फळीवरची एक जाडजूड कादंबरी काढायचे, उभ्या उभ्या थोडी वाचायचे आणि जागच्या जागी ठेवून निघून जायचे. मालकांना सगळं दिसत होतं. पण ते अशा वेळी मुद्दाम पाठ करून दोऱ्याचं रीळ गुंडाळत बसायचे. एकदा कुणीतरी ती कादंबरी लग्नात भेट द्यायला घेऊन गेलं. पुढच्या खेपेला मास्तर आले, फळीवरून हात फिरवला, परत फिरवला.

"गेलं का ते?" त्यांनी विचारलं.

"गेलं, गुरुजी."

"कुणी नेलं?"

"आता ते मी कसं सांगू? दुसरी प्रत मागवू का?"

मास्तरांनी मान हलवली, हो की नाही ते कळलं नाही. मग खडूचा एक डबा घेतला आणि गेले. मला ते फार लागलं. विकलं गेलेलं पुस्तक कुठं गेलं, कुणी वाचलं, की लग्नाच्या भांड्यांबरोबर माळ्यावर पडलं, हे दुकानाला कधीच कळत नाही. गिऱ्हाइकाचा चेहरा रोज दिसतो, त्याचं वाचणं मात्र दिसत नाही.

लातूरच्या वाचनालयात आले तेव्हा सगळं उलटं झालं. इथं तेच पुस्तक जायचं आणि यायचं, आणि येताना माणसाच्या घरातलं काहीतरी घेऊन यायचं. हळदीचं बोट, बसचं तिकीट, शेंगेचं टरफल, एकदा तर वाळलेली भेंडीची चकती. पुस्तक हातात घेतल्यावर कोण स्वयंपाकघरात वाचतं आणि कोण अंथरुणात, हे मी सांगू शकत असे.

आणि खुणा! हे बाहेरच्यांना माहीत नसतं म्हणून सांगते. वर्षानुवर्षं वाचणाऱ्या लोकांचा मोठा घोटाळा असा की आपण काय वाचलंय हेच त्यांना आठवत नाही. पुस्तक घरी न्यायचं, चार पानं झाल्यावर कळायचं की हे झालंय. म्हणून जो तो आपली गुपचूप खूण करतो. एक निवृत्त इंजिनीअरसाहेब शेवटच्या पानावर सही ठोकायचे, जणू बिल मंजूर केलं. एक वकिलीणबाई ठरावीक पानाच्या आकड्याभोवती बांगडीएवढा गोल काढायच्या. मी खोडरबर घेऊन या मंडळींच्या मागं असायचे. पुस्तक सगळ्यांचं आहे, तुमची पाटी नाही, हे माझं नेहमीचं भाषण होतं. ऐकून घ्यायचे सगळे, बदलायचं कुणी नाही.

तर या खुणांपायी माझी माणिकरावांशी गाठ पडली.

माणिकराव एसटीत कंडक्टर. औशाच्या पुढं, उमरग्याच्या वाटेला त्यांचं गाव. सभासद ते नव्हते, त्यांची बायको कुसुम होती. या कुसुमबाईंना मी कधीच पाहिलं नाही. सातवीपर्यंत शिकलेल्या, घर आणि शेत सोडून लातूरला यायला त्यांना सवड नसायची. माणिकरावांची गाडी लातूरला लागली की ते चामड्याची पिशवी सावरत वाचनालयात यायचे, पुस्तक टेबलावर ठेवायचे आणि म्हणायचे, "मंडळींनी सांगितलंय, जाड द्या."

"कसलं देऊ? कौटुंबिक, ऐतिहासिक, रहस्यकथा?"

"जाड," ते पुन्हा म्हणायचे. गाडी सुटायची असायची.

मी द्यायचे हाताला येईल ते. मग कधी कधी तेच पुस्तक दुसऱ्यांदा घरी जायचं आणि माणिकरावांची तिथं हजेरी घेतली जायची. "हे झालंय म्हणली. कंडक्टर असून एवढं ध्यानात न्हाई राहत म्हणली," असं ते पडेल चेहऱ्यानं मला सांगायचे.

एकदा पुस्तक परत करताना त्यांनी पिशवीतून तिकिटाला भोक पाडायचा पंच काढला आणि माझ्यादेखत मागच्या कव्हरासकट शेवटच्या पानाच्या कोपऱ्यात कट्कन मारला. मी जागेवरून उठलेच.

"अहो, काय करताय काय!"

"पंच मारला. झालंय हे."

"हे वाचनालयाचं पुस्तक आहे, एसटीचं तिकीट नाही!"

"मॅडम," ते अगदी समजुतीनं म्हणाले, "पंच मारलेलं तिकीट पुन्यांदा चालत न्हाई. तसंच हाय हे. हेच पुस्तक पुन्यांदा घरी गेलं तर माझं काई खरं न्हाई."

मी जिल्दसाजाची मुलगी. आमच्या घरात पुस्तकाचं पान दुमडलं तरी अब्बा दिवसभर बोलायचे नाहीत. मी माणिकरावांना माझं सगळं भाषण ऐकवलं. त्यांनी हात जोडून ऐकलं आणि पुढच्या वेळी व्हरांड्यात जाऊन पंच मारून आले. शेवटी मीच हरले. निदान मजकुराला धक्का लागत नाही, एवढ्यावर समाधान मानलं. आणि खरं सांगायचं तर ती खूण सगळ्यांत सोयीची होती. पुस्तक उघडायचीही गरज नाही, मागच्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवला की कळायचं.

मी एकदा विचारलं, "तुम्ही वाचता का यातलं काही?"

"मी? न्हाई. मला तिकीट अन् हिशेबाचं वेबिल वाचून वाचून वीट येतो. ती वाचती अन् मला सांगती. मी जेवत ऱ्हातो, ती सांगत ऱ्हाती. मुक्कामी डूटी असली की दुसऱ्या दिशी दोन दिसांचं एकदम." मग थोडं लाजून म्हणाले, "लई झ्याक सांगती, मॅडम."

असं काही वर्षं चाललं. मग भूकंप झाला.

लातूरमध्ये आमची कपाटं हलली, वरच्या फळीवरची पुस्तकं खाली आली, तेवढंच. ती उचलून ठेवतानाच बातम्या यायला लागल्या. औशाकडची, उमरग्याकडची गावं बसली. दगड-मातीच्या भिंती, वर मातीचं जाड छत, आणि माणसं झोपेत. माणिकरावांची त्या रात्री दुसरीकडे मुक्कामी गाडी होती, म्हणून ते राहिले. लेक सासरी, घरात कुसुमबाई एकट्या होत्या. माणिकरावांना पोचायला दुपार झाली, असं नंतर डेपोतल्या एकानं मला सांगितलं. रस्ते तोवर मदतीच्या गाड्यांनी भरून गेले होते.

काही महिन्यांनी ते वाचनालयात आले. टेबलासमोर उभे राहिले. हातात काही नव्हतं.

"मॅडम, पुस्तक न्हाई देता येणार ते."

ते हे सांगायला आले होते. "राहू द्या हो, माणिकराव," एवढंच म्हणाले. बसा म्हटलं, पाणी मागवलं. ते बसले नाहीत. नंतर कळलं, त्यांनी बदली मागून घेतली, जुन्या रस्त्यावर गाडी नको म्हणून.

मधली वर्षं मी सांगत बसत नाही. लातूर बदललं, ते सगळ्यांना माहीत आहे. दहावी-बारावीच्या निकालांचं नाव झालं आणि गावोगावची पोरं ट्रंका घेऊन यायला लागली. जळकोट, देगलूर, पार परभणीकडची. घराघरांत खोल्या भाड्यानं गेल्या, गल्लीगल्लीत मेस निघाल्या आणि क्लासच्या पाट्यांनी आकाश झाकलं. आमच्या वाचनालयातही गर्दी वाढली. मी पहिल्यांदा हुरळून गेले. मग लक्षात आलं की या पोरांना पुस्तक नको होतं. पुस्तकं ती घरून घेऊन यायची. त्यांना हवी होती खुर्ची, पंखा आणि शांतता. त्यांचंही काही चुकत नव्हतं, एका खोलीत चार-चार जण राहायचे बिचारे. एक नायगावचा मुलगा तर खुर्चीत बसल्या बसल्या सूत्रं पुटपुटत झोपायचा. मी त्याच्या डोक्यावरचा पंखा कधी बंद केला नाही.

त्याच सुमारास माणिकराव परत आले. निवृत्त झाले होते, केस पार पांढरे. लेकीकडे लातूरला राहायला आले होते. लेकीनं घरातल्या दोन खोल्या क्लासच्या पोरांना दिलेल्या, म्हाताऱ्याला दिवसा टेकायला जागा नाही. मला वाटलं, पेपर वाचायला आले असतील. पण ते टेबलाजवळ येऊन हळूच म्हणाले, "मॅडम, ती भोकाची पुस्तकं हायत का अजून?"

"असतील की. का?"

"वाचीन म्हणतो."

मी त्यांना कादंबऱ्यांच्या दालनात नेलं. आम्ही दोघं फळीच्या दोन टोकांना उभे राहिलो आणि एकेका पुस्तकाच्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवत मधे आलो. पहिलं सापडलं तेव्हा त्यांनी ते छातीशी धरलं. मी दुसरीकडे बघितलं. कसं सांगू, त्या भोकांवरून त्यांना बोलल्याचा मला राग आला होता की आनंद झाला होता, कोण जाणे.

ते रोज येऊ लागले. वाचायचे अगदी सावकाश, ओठ हलवत. अभ्यासाला बसलेल्या पोरांची कुरकुर सुरू झाली, "मॅडम, आजोबांना मनात वाचायला सांगा ना." म्हणून मी त्यांची खुर्ची माझ्या टेबलाशेजारी घेतली. त्यामुळे पुढचं सगळं मला कळलं.

पहिलं पुस्तक संपवून त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"मॅडम, हे चुकीचं छापलंय."

"काय झालं?"

"यात ती पोरगी मरती शेवटाला. हिनं सांगितलं तवा मरत न्हवती. माहेरी परत येती अन् शिवणकाम शिकती. मशीन बी घेती."

मी पुस्तक चाळलं. छपाई ठीक होती. दुसऱ्या पुस्तकात तसंच निघालं. तिसऱ्यात दोघे भाऊ वाटणीवरून कायमचे दुरावतात, कुसुमबाईंच्या सांगण्यात मात्र ते उमरग्याच्या स्टँडवर समोरासमोर येतात आणि एकाच गाडीनं घरी जातात. उमरगा कुठला, मूळ कादंबरीत ते गाव कोकणातलं होतं! हळूहळू माणिकरावांच्या ध्यानात आलं. कुसुमबाईंनी सगळ्या गोष्टी उचलून त्यांच्या रस्त्यावर आणून ठेवल्या होत्या. कुणाचं माहेर औशाला, कुणाची शाळा उमरग्याच्या पुढं, जो तो बसनं जायचा. आणि दिवसभर उभं राहून, भांडणं ऐकून दमून आलेला नवरा जेवायला बसलाय म्हटल्यावर त्याच्या ताटाशी त्या कुणालाही मरू देत नव्हत्या.

"फसवलं हो मला," ते एकदा म्हणाले. आणि इतके हसले की अभ्यासाची पोरं माना वर करून बघायला लागली. हसता हसता डोळे पुसत म्हणाले, "पुस्तकात औसा न्हाईच, मॅडम. कुठंच न्हाई."

त्यानंतर ते पुस्तकं वाचत नव्हते, ताडून बघत होते. छापलेलं काय आणि तिचं काय. एका पानावर थांबायचे, डोळे मिटायचे, मला म्हणायचे, "हितं तिनं पाऊस घातला होता." त्यांना मूळ गोष्टीत रस नव्हता. कुसुमबाई तिच्यापासून कुठं वळल्या ते त्यांना हवं होतं. मी नोकरीत इतके वाचक पाहिले, पण असं वाचणं पाहिलं नाही.

आणि नेमकं तेव्हाच आमच्या कार्यकारिणीनं ठरवलं की कादंबऱ्यांचं दालन रिकामं करून तिथं अभ्यासिका करायची. मागणी होती, गैर काही नव्हतं. जुनी, खराब पुस्तकं निर्लेखित करायची, म्हणजे बाद ठरवून रद्दीत काढायची. अध्यक्ष स्वतः फळीशी उभे राहिले आणि म्हणाले, "फाटलेली, भोकं पडलेली आधी काढा." माणिकराव शेजारच्या खुर्चीत ऐकत होते. त्यांच्या हातातल्या पुस्तकाला भोक होतं. ते त्यांनी हळूच मांडीखाली घेतलं.

मी म्हणाले, "साहेब, भोकं पडलेली दुरुस्त होतात. मी करते, वडिलांचाच धंदा आहे."

अध्यक्षांना पटलं. ते गेल्यावर माणिकराव घाबरून माझ्याकडे आले. "मॅडम, भोकं बुजवू नका हो."

"नाही बुजवत. तुम्ही वाचा सावकाश."

माझ्या खुर्चीमागच्या कपाटावर मी 'दुरुस्तीसाठी' अशी चिठ्ठी लावली आणि पंचाची सगळी पुस्तकं त्यात हलवली. अध्यक्ष अधूनमधून विचारायचे, "झाली का दुरुस्ती?" मी सांगायचे, "चालू आहे." खोटं नव्हतं ते अगदीच. दालनात खुर्च्या आल्या, बाकी कादंबऱ्या टेम्पोत चढल्या. ज्या दिवशी त्या गेल्या त्या दिवशी मी घरी जेवले नाही. दुकानातून पुस्तक जातं तेव्हा ते कुणाच्या तरी घरी जातं, वाचनालयातून असं गेलं की कुठंच जात नाही.

कपाटातली पुस्तकं संपत आली तसे माणिकराव आणखीच सावकाश वाचायला लागले. एके दुपारी म्हणाले, "एक राहिलं, मॅडम. घरात होतं ते."

भूकंपात घराखाली गेलेलं. आमच्या त्या वेळच्या नोंदवह्या कधीच रद्दीत गेल्या होत्या. नाव त्यांना माहीत नव्हतं, त्यांना एकाही पुस्तकाचं नाव माहीत नव्हतं. पण गोष्ट माहीत होती, अर्धी. आदल्या दिवशी ड्युटीवर निघताना भाकरी बांधता बांधता कुसुमबाईंनी जेवढी सांगितली तेवढी.

"एक मास्तरीण असती. भावाशी भांडून घर सोडती. उमरग्याच्या पुढं तिला शाळा मिळती. मग सांगावा येतो, आई लई आजारी हाय. ती निघती. गाडीत बसती. इथवर सांगितलं. बाकी उद्या आल्यावर सांगते म्हणली." त्यांनी चष्मा पुसला. "पुढं काय झालं, तेवढं कळायला पायजे होतं."

अशा मास्तरणीच्या कादंबऱ्या आपल्याकडे कमी आहेत का? मी डोकं खाजवलं. बारीकसारीक काही आठवतंय का विचारलं. ते म्हणाले, "तिच्यासंगं टोपलीत मांजर असतंय. कंडक्टर म्हणतो, मांजराचं हाफ तिकीट पडंल."

मांजर! मी टेबलावर हात आपटला. कादंबरी मला ओळखू आली. मूळ पुस्तकात आगगाडी होती, टोपलीत मांजर होतंच. हाफ तिकीट तेवढं कुसुमबाईंचं.

आमच्याकडे दुसरी प्रत नव्हती. लातूरच्या दुकानांत विचारलं, सगळीकडे प्रवेशपरीक्षांची पुस्तकं. शेवटी सुट्टी काढून नांदेडला गेले. माझ्या जुन्या दुकानात आता मालकांचा मुलगा बसत होता, फळ्यांवर तीच भौतिक-रसायन-जीवशास्त्राची रांग. मालक थकले होते, कोपऱ्यात खुर्ची टाकून बसलेले. मी त्यांना कादंबरीचं नाव सांगितलं.

"गोष्ट काय हाय ते मला नको सांगू," ते म्हणाले. "निळं कव्हर, वर रेघांची बाई. माळ्यावर बघ रे, डावीकडं." मुलगा धूळ झटकत घेऊन आला. मालकांनी ते कागदात गुंडाळलं, सवयीनं दोरा बांधला आणि विचारलं, "तुला का लायब्ररीला?"

"एका वाचकाला."

"मग त्याला पाठवायचं की दुकानात. तू कशाला हिंडून राहिलीस एवढ्या लांब?"

मी म्हटलं, "त्याला पुस्तकाचं नाव माहीत नाही." मालकांनी गठ्ठा माझ्या हातात दिला. मग म्हणाले, "लायब्ररीनं बिघडवली तुला." पण चेहऱ्यावर कौतुक होतं.

परतीच्या बसमध्ये दोरा सोडून मी शेवट वाचून काढला. मला पुसट आठवत होतं, तेच निघालं. मास्तरीण गावी पोचते तेव्हा उशीर झालेला असतो. आई गेलेली, घराला कुलूप. ती पायरीवर टोपली ठेवून बसते, तिथं कादंबरी संपते. हे मी कुणाच्या हातात देणार होते? ज्याला स्वतःला घरी पोचायला दुपार झाली होती, त्याच्या. अहमदपूर येईपर्यंत मी ठरवलं की द्यायचं नाही, मिळालं नाही म्हणून सांगायचं. लातूर आलं तेव्हा वाटलं, वाचक काय वाचू शकेल हे ठरवणारी मी कोण? त्यांनी मागितलंय.

मी दिलं. माणिकराव निळ्या कव्हरवरून हात फिरवत राहिले. सवयीनं मागचा कोपरा चाचपला. मग पुस्तक पिशवीत घालून घरी नेलं. स्वतः वाचायला लागल्यापासून पहिल्यांदाच त्यांनी पुस्तक घरी नेलं होतं.

बरेच दिवस ते आले नाहीत. मी रोज दाराकडे बघायचे आणि स्वतःला शिव्या द्यायचे. मग एका सकाळी आले. पुस्तक टेबलावर ठेवलं, खुर्ची ओढून बसले.

"वाचलं?" मी विचारलं. माझा आवाज मलाच चोरटा वाटला.

"तिनं सांगितलं होतं तिथवर. ती गाडीत बसती तिथवर. मग मिटलं."

"पुढचं नाही वाचलं?"

"पुढं काय असंल ते ठाऊक हाय मला. ह्या पुस्तकवाल्यांनी शेवटाला काईतरी घोळ करून ठेवलाच असंल. आता मला सवय झाली, मॅडम." ते थोडे हसले. "हिनं कसं सांगितलं असतं ते मी सांगतो तुम्हाला. लई दिस विचार केला. ऐका."

मी हातातलं काम बाजूला ठेवलं.

"गाडीला उशीर होतो. औशाच्या अलीकडं इंजिन बंद पडतंय. ती मास्तरीण लई घाबरती, रडाय लागती. कंडक्टर म्हणतो, बाई, रडू नका, मी हाय, पोचिवतो तुम्हाला. समदे परवासी उतरून धक्का मारत्यात. गाडी निघती. फाट्यावर ती उतरती अन् पळतच सुटती, मांजर बी पळतंय मागं. लांबनं घर दिसतं." त्यांनी बोटांनी टेबलाची कड धरली. "घर उभंच असतंय, मॅडम. आत दिवा असतो. ती दारात जाती अन् आतून आवाज येतो, आलीस का गं, भाकरी टाकू का?"

हॉलमध्ये पोरं खाली माना घालून अभ्यास करत होती.

"येळेवर पोचती ती," माणिकराव म्हणाले. मग माझ्या हाताखालच्या निळ्या पुस्तकाकडे बघून अगदी हळू विचारलं, "असंच हाय न्हवं ह्यात? तुम्ही वाचलं असंल."

"वाचलंय," मी म्हणाले. "असंच आहे, माणिकराव. वेळेवर पोचते."